पायाखालचं रान

लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये हातभर खाली घसरली आणि थांबली. झालं ते एवढंच. दिवे गेले नाहीत, कुणाला खरचटलं नाही, आणि थोड्या वेळानं ती पुन्हा शहाण्यासारखी खाली गेली. पण घसरली त्या क्षणी आतली माणसं ओरडली, आणि त्या ओरडण्यात कुणीतरी हसलं. पोटातून उसळून आलेलं, गुदगुल्या केल्यासारखं, सात-आठ वर्षांच्या पोरीचं हसू. सगळ्यांनी वळून इडालिनाकडे पाहिलं तेव्हा तिला कळलं, की हसलो ते आपण. चौसष्ट वर्षांची बाई, गळ्यात चष्म्याची साखळी, काखेत जेवणाची पिशवी. "काही लोक घाबरले की हसतात गं," शेजारच्या टेबलावर काम करणारी प्रूडन्स समजुतीच्या सुरात म्हणाली, आणि इडालिनानं मान हलवली. पण ती घाबरली नव्हती. एक निमिष पायांखाली काहीच नव्हतं, आणि ते तिला आवडलं होतं. दुपारभर ती दातांच्या लॅबमध्ये दिव्याखाली बसून कुणा अनोळखी माणसाचे पुढचे दोन दात घडवत राहिली. हात आपलं काम करत होते, मेणावरून, पोर्सेलिनवरून फिरत होते. पण तळपायांना चैन नव्हतं. टेबलाखाली बुटांतून पाय बाहेर काढून ती फरशीवर टेकवायची आणि पुन्हा उचलायची. काहीतरी आठवायचं होतं, आणि ते डोक्याला नाही, पायांना आठवायचं होतं.

ते आठवलं संध्याकाळी, उपसागरावरच्या पुलावर गाड्यांच्या रांगेत उभी असताना. खाली पाणी होतं, पाण्यावर नेहमीच्या पांढऱ्या होड्या, आणि एकाएकी तिच्या पायांखाली लाकडी डेक आला, टूना माशांच्या वासाचा, उन्हानं तापलेला. पापांची बोट धक्क्याला बांधलेली, ती सात वर्षांची, आई खाली टोपली घेऊन हाका मारतेय. बाहेरून नौदलाचं कुठलंतरी अजस्र जहाज गेलं असावं. त्याची लाट आली, डेक वर उचलला गेला आणि मग खाली गेला. पण इडालिना त्याच्याबरोबर लगेच खाली गेली नाही. एक क्षण ती हवेत राहिली. मग हसत हसत फळ्यांवर आदळली. सुकाणूच्या खिडकीतून पापांनी पाहिलं आणि तेही हसले, त्यांचा सोन्याचा दात चमकला. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. रांग पुढे सरकली होती आणि इडालिनाचा पाय ब्रेकवरून उठत नव्हता.

पापा कप्तान होते. पॉइंट लोमाच्या, पोर्तुगीज कोळ्यांच्या त्या उतरत्या गल्ल्यांमध्ये तेव्हा प्रत्येक तिसऱ्या घरात एक कप्तान होता. बोटी निघाल्या की चार-चार महिने परतत नसत. धक्क्यावर बायका रुमाल हलवत. मुलगा पंधराचा झाला की सुट्टीत त्याला बरोबर न्यायचे. इडालिनाचा भाऊ झेफेरिनो तिच्याहून तीन वर्षांनी लहान. सुकलेल्या शेंगेसारखा, पुस्तकात नाक घालून बसणारा. इडालिना त्याच्यापेक्षा उंच होती, धक्क्यावरून सूर मारायची, डोळे मिटून गाठी बांधायची. पण बोटीवर गेला झेफेरिनो. तिला कुणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणायला आधी कुणीतरी विचारावं लागतं, आणि विचारायचं असतं हे तिला तेव्हा सुचलंच नाही. त्याची पिशवी तिनंच भरली. लोकरीचे मोजे घडी करून घातले. चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याचा रंग मेणबत्तीसारखा झाला होता, आणि त्यानंतर आयुष्यात त्यानं टूनाचा घास घेतला नाही. पुढे तो कर-सल्लागार झाला. टेकडीवर घर बांधलं, त्याला समुद्राच्या बाजूनं खिडकी ठेवली नाही. त्या चार महिन्यांबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. नाताळात, उत्सवाच्या जेवणात, आईच्या आणि पापांच्या मयतीत, सूपमध्ये पाव बुडवता बुडवता ती दोघं एकमेकांची यथेच्छ टिंगल करत आली होती आणि त्या एका गोष्टीभोवतून पाणी वळसा घालून जावं तशी जात आली होती.

कड्यावर फिरायला गेलं की खाली केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री वेलांच्या, रानात बसलेली माणसं तिनं वर्षानुवर्षं पाहिली होती. पाण्यात आरामखुर्ची टाकून बसल्यासारखी. हवेनं फुगवायची, घोड्याच्या नालासारखी ट्यूब, मधे बसायला पट्टा, पाय पाण्यात लोंबकळते, पायांत बदकासारखे रबरी फिन्स, हातात गळाची काठी. पुरुष, बहुतेक पोट सुटलेले. पुलावरच्या त्या संध्याकाळनंतर आठवडाभरात इडालिना तशी एक ट्यूब विकत घेऊन आली. कुणाला सांगितलं नाही. उपसागराच्या शांत पाण्यात महिनाभर जाऊन तिनं सराव केला, घोट्यांना फोड आणले. दुकानातला म्हातारा वाल्डो तिला दर खेपेला काहीतरी शिकवायचा. "केल्पमध्ये राहतो तो कॅलिको मासा," तो म्हणायचा. "आमिष धरलं की सरळ रानात शिरतो आणि वेलांना गुंडाळून बसतो. तेव्हा ओढू नका, बाई. सगळे ओढतात. दोरी सैल सोडायची, त्याला वाटू द्यायचं की तुम्ही गेलात." आणि शेवटी, पैसे परत देताना, "आणि खुल्या समुद्रात एकट्या जाऊ नका. किनाऱ्यावर कुणीतरी पाहिजे, आपल्या नावानं हाक मारणारं." नावानं हाक मारणारं म्हटल्यावर इडालिनाला एकच माणूस आठवला, आणि तो तिला नावानं हाक मारत नव्हता.

"माना!" झेफेरिनो फोनवर म्हणाला. माना म्हणजे ताई. घरातलं पोर्तुगीज दोघांकडे आता एवढंच उरलं होतं, आणि थोड्या शिव्या. "इतक्या सकाळी? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. शनिवारी मला समुद्रात सोडायला ये."

"तुझी राख झालीय का? की व्हायचीय? नीट सांग. माणसाला कपडे ठरवायला बरं पडतं."

तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुला वेड लागलंय," आणि लगेच, "किती वाजता?"

शनिवारी कड्याखालच्या चिंचोळ्या पुळणीवर तो खरोखरच ऑफिसचे बूट घालून आला. हातात कॉफीचा थर्मास, गळ्यात घोड्यांच्या शर्यतीला नेतात ती दुर्बीण. इडालिना रबरी सूटमध्ये शिरून ट्यूबचे पट्टे आवळत होती. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रबराच्या पिशवीत बटाटा घातलाय कुणीतरी," तो म्हणाला.

"आणि तू वाळूत बूट पॉलिश करून आलायस. लग्न आहे का कुणाचं?"

"मयतही असू शकते, म्हणून दोन्हीकडे चालतील असे घातले." त्यानं तिचा फोन घेऊन आपल्या खिशात ठेवला, कारण तो भिजेल अशी तिला भीती होती. मग पाण्याकडे न पाहता विचारलं, "माना, हे कशासाठी? खरं सांग. डॉक्टरनं काही सांगितलंय का?"

"नाही रे बाबा. हसायला आलं म्हणून."

हे उत्तर त्याला कळलं नाही, आणि तिलाही ते त्याहून नीट देता येईना. फिन्स घालून पुढे चालता येत नाही, बोटं वाळूत रुततात. म्हणून ती पाठमोरी पाण्यात शिरली, तोंड भावाकडे करून. पहिली लाट मांड्यांवर फुटली, दुसरीनं कंबरेला धक्का दिला. तिसरीच्या आधी तिनं वाल्डोनं शिकवल्याप्रमाणे पट्ट्यावर बसकण मारली आणि पाय झाडले. लाट तिच्याखालून गेली. तिनं तिला अलगद उचललं आणि अलगद ठेवलं. फिन्सनी पाय मारले की ट्यूब मागे जाते. त्यामुळे इडालिना समुद्रात निघाली होती, पण पाहत होती किनाऱ्याकडेच. झेफेरिनो लहान होत चालला. आधी त्याच्या चेहऱ्यावरची काळजी दिसेनाशी झाली, मग चेहरा, मग दुर्बीण. शेवटी वाळूवर एक काळी रेघ उरली, आणि ती रेघ मधूनच हात वर करायची. तिला वाटलं, धक्क्यावर उभं राहणाऱ्यांना बोटीवरचे असे दिसत नसतील, पण बोटीवरच्यांना धक्क्यावरचे असेच दिसत असणार. हे इतक्या वर्षांत कुणी तिला सांगितलंच नव्हतं. आपण रुमाल हलवत होतो तेव्हा आपणही अशीच एक रेघ होतो.

मग पाण्याचा रंग बदलला आणि पोटऱ्यांना काहीतरी लागलं. ओलं, मऊ, सरकतं. इडालिनानं श्वास रोखला. खाली कुणीतरी होतं आणि ते तिच्या पायांना हात लावून पाहत होतं. बसलेल्या माणसाच्या पायांखाली जमीन असते, जिना असतो, निदान दुसऱ्याच्या घराचं छत असतं. तिच्या पायांखाली अंधार होता आणि त्या अंधाराला हात होते. सगळं धैर्य एका क्षणात गळालं. लॅबमधलं टेबल, दिवा, प्रूडन्सचा आलं घातलेला चहा, सगळं फार प्रिय वाटायला लागलं. तिनं खाली वाकून पाहिलं. केल्प होता तो. सोनेरी-तपकिरी वेल, पानापानाशी हवेचा फुगा, खालच्या काळोखातून सरळ वर आलेले. वरच्या उजेडात येऊन ते आडवे पसरले होते, लाटेबरोबर सगळे एकदम वाकत होते आणि सगळे एकदम उठत होते. उन्हाची एक तिरीप त्या खांबांमधून खोलवर गेली होती आणि तिच्या टोकाशी एक नारिंगी मासा अगदी निवांत फिरत होता, सकाळी अंगणात फिरावं तसा. रान होतं ते. ती रानाच्या शेंड्यांवर बसली होती. झाडांच्या वर, पक्ष्यांच्या जागी. ती भीती गेली नाही, पण तिची चव बदलली. जिभेवर मीठ होतं, आणि त्याच्याखाली काहीतरी गोड. तिनं एक वेल उचलून मांडीवरून ट्यूबवर आडवा टाकला, म्हणजे वाहून जायला नको. तो जड होता, थंड होता, आणि गुळगुळीत. लहान बाळाचा हात पकडून ठेवावा तसा तिनं तो थोडा वेळ नुसता धरून ठेवला.

पहिल्या काही फेकी फुकट गेल्या. रबरी आमिष वेलांत अडकलं, सुटलं, पुन्हा अडकलं. शेजारी एका सीलनं डोकं वर काढून टक्कल पडलेल्या कारकुनासारखं तिच्याकडे पाहिलं आणि नापसंतीनं आत घेतलं. इडालिना मोठ्यानं हसली. इथे कुणी वळून पाहिलं नाही. मग वेलांमधल्या एका निळ्या खिडकीत आमिष पडलं, बुडालं, आणि काठीला जो हिसका बसला तो थेट तिच्या खांद्यात गेला. मासा रानात शिरला. दोरी ताठ, काठी कमानीसारखी, आणि मग काहीच नाही. भिंतीला गळ अडकावा तसं. ती ओढायला लागली. ट्यूबच माशाकडे ओढली जायला लागली. दात आवळून तिनं आणखी जोर लावला, आणि तेव्हा तिला वाल्डोचं सांगणं आठवलं. तिनं काठी खाली केली. दोरी सैल सोडली. पाण्यावर ती केसासारखी आडवी पडली.

वाट पाहायची. इडालिनाला वाटलं, वाट पाहण्यात आपल्या घराण्यातल्या बायकांचा हात कोण धरेल. आई खिडकीत बसून पाहायची, आजी तिकडे जुन्या देशातल्या बेटावर दगडी कठड्यावर बसून पाहायची, पण त्यांचं पाहणं ताठ दोरीचं होतं. दुसऱ्या टोकाला कोणीतरी अडकलेलं असायचं आणि ह्या इकडून जिवाच्या आकांतानं धरून ठेवायच्या. तिनं स्वतःही तेच केलं होतं. न गेलेल्या चार महिन्यांची दोरी तिनं आवळून धरली होती, इतकी वर्षं, एकदाही हात सैल न सोडता. झेफीकडे पाहिलं की बोटांना ती दोरी काचायची. आणि तो बिचारा पलीकडे, समुद्राकडे खिडकी नसलेल्या आपल्या घरात, गुंडाळून बसलेला. हे सगळं काही तिनं असं शब्दांत मांडलं नाही. पाण्यावर पडलेली सैल दोरी पाहता पाहता तिला एवढंच जाणवलं, की आपले खांदे खाली आलेत. कधीपासून ते कानांपाशी होते कुणास ठाऊक. लाट आली, तिनं वेलांना उचललं, तिला उचललं, आणि दोरीचा केस हळूच, अगदी हळूच, एका बाजूला सरकायला लागला. मासा आपण होऊन बाहेर येत होता.

पुढचा झगडा छोटा आणि धसमुसळा होता, त्यात ती एकदा जवळजवळ कलंडली, ओरडली, पापांची सगळ्यात वाईट शिवी तिनं मोकळ्या आभाळाला ऐकवली. मग तो तिच्या मांडीवरच्या जाळीत होता. हातभर लांब, तपकिरी अंगावर फिकट चौकटी, पोटाशी लोणी फासल्यासारखा पिवळा. तोंड उघडं, आणि धंद्याच्या सवयीनं तिनं आधी दात पाहिले. बारीक, ओळीनं, एकही किडलेला नाही. "वा," ती त्याला म्हणाली. "कुणाकडे जातोस?" गळ काढून तिनं त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. तो तिच्या तळव्यांत श्वास घेत होता. एकदा, दोनदा. मग त्यानं शेपटीचा फटका मारला, तिच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि खाली त्या खांबांमध्ये निघून गेला. तिचे हात रिकामे झाले आणि छातीत जे काही भरून आलं त्याला जागा पुरेना. ती पाय झाडत गोल गोल फिरली. चौसष्ट वर्षांची बाई, रानाच्या शेंड्यावर, भिंगरीसारखी.

चष्मा पुसून तिनं किनाऱ्याकडे पाहिलं, तर किनारा नव्हता. धुकं आलं होतं. कड्यापाशी जाऊन पसरलं होतं आणि आता तिच्याकडे चाललं होतं, पांढरं, बिनआवाजाचं, घाई नसलेलं. थोड्या वेळात दोन हातांपलीकडचा केल्पही दिसेना. हाताशी वेल होता म्हणून ती वाहून जात नव्हती, पण पुळण कुठे आणि खडक कुठे? पुळण चिंचोळी होती, दोन्ही बाजूंना खडक, आणि लाट दोन्हीकडे सारखीच फुटत होती. एक आवाज सगळीकडून येत होता. पायांखालचा अंधार आता वरही आला होता, फक्त पांढरा होऊन. तिचे दात वाजायला लागले. थंडीनं, ती स्वतःला म्हणाली.

"माना!"

आवाज बारीक होता. कुठून आला ते कळलं नाही.

"झेफी! मी ठीक आहे! बोलत राहा! थांबू नकोस!"

"काय बोलू?"

"काहीही!"

चाळीस वर्षं लोकांना कमीत कमी बोलायचा सल्ला देऊन पोट भरलेला माणूस. मग धुक्यातून आवाज आला, मोठा, घोगरा, फाटलेला. "मारिया इनेस!"

इडालिना थबकली. मारिया इनेस ही धक्क्याच्या अगदी टोकाची बोट. शाळेतून येताना दोघं धक्क्यावरून चालत यायची तेव्हा हा त्यांचा खेळ होता. एकानं बोटीचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं कप्तानाचं, आणि ते गल्लीतल्या टोपणनावानं. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मनुएल लंगडा!"

"साओ तोमे!"

"अंतोनियो दोन-बायका!" तिनं मांडीवरचा वेल उचलून पाण्यात सोडला आणि पाय मारायला लागली. मागे, पाठमोरी, तोंड धुक्याकडे आणि मानेवर भावाचा आवाज.

"ओशन ग्लोरी!"

"चिकट माशादो! ज्यानं बायकोला एकच बांगडी केली!"

"दुसरी तिच्या बहिणीला!" झेफेरिनो ओरडला, आणि त्याचं हसू धुक्यातून ठेचकाळत आलं. आवाज डावीकडे सरकला तसा तिनं उजवा पाय जोरात मारला. एकामागून एक बोटी येत राहिल्या, धक्क्यावर लागायच्या त्याच क्रमानं. कधीच्या विकल्या गेलेल्या, मोडीत निघालेल्या, बुडालेल्या. एकही नाव तो चुकला नाही, एकही कप्तान ती चुकली नाही. लाटांचा आवाज आता दोन बाजूंना फाटला होता आणि मधे, बरोबर मधे, तो होता. मग तो थांबला. तिला माहीत होतं का थांबला ते. धक्क्याची इकडची बाजू आली होती, आता एकच बोट राहिली होती, पापांची.

"झेफी?"

"सांता इरिया," तो म्हणाला. ओरडला नाही. पण आता तो इतका जवळ होता की ओरडायची गरज नव्हती.

इडालिनानं छाती भरून श्वास घेतला. "इडालिना गुलार्त!" ती ओरडली.

धुक्यात ते नाव बराच वेळ राहिलं. मग मागून आवाज आला, अगदी स्वच्छ, कोरडा, ऑफिसातला. "टोपणनाव पाहिजे, माना. नियम आहे."

"ते तू ठेव!"

तो काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही, कारण त्याच क्षणी लाटेनं तिला उचललं. या खेपेला अलगद ठेवलं नाही. आकाश, ट्यूब, काठी, फिन्स सगळं एकदम उलटंपालटं झालं, नाकात पाणी गेलं, आणि कुणीतरी तिच्या पट्ट्याला धरून तिला ओढलं. झेफेरिनो छातीपर्यंत पाण्यात उभा होता, बूट, कोट, दुर्बीण सगळ्यासकट. दुसरी लाट दोघांवर फुटली, आणि ती दोघं एकमेकांना धरून, खोकत, शिव्या देत, घरातलं उरलेलं सगळं पोर्तुगीज वापरून संपवत, ओल्या वाळूवर येऊन पडली.

बराच वेळ कुणी उठलं नाही. तिला फिन्स काढता येईनात, त्याला बुटांच्या नाड्या सुटेनात. "त्या चार महिन्यांत," तो आभाळाकडे पाहत एकाएकी म्हणाला, "रोज रात्री मी हिशोब करायचो की आता धक्क्यावर किती वाजले. तुम्ही जेवायला बसला असाल का. तू माझी खुर्ची घेतलीस का."

"पहिल्याच दिवशी घेतली," ती म्हणाली. "खिडकीजवळची होती."

"वाटलंच होतं." त्याचे ओठ निळे पडले होते आणि तो हसत होता. "मासा?"

"मिळाला. हातभर. सोडला."

"सोडलास? मी इथे कोट घालून पोहलो आणि तू मासा सोडलास?"

ती सांगायला लागली, रानाबद्दल, उन्हाच्या तिरिपीबद्दल, टक्कल पडलेल्या सीलबद्दल. पण दात वाजत होते आणि वाक्यं तुटत होती, आणि धुकं जसं आलं होतं तसंच, काही न बोलता, विरायला लागलं. आधी लाटा दिसल्या, मग लाटांपलीकडचं सपाट पाणी, आणि त्यावर पसरलेला केल्पचा तपकिरी पट्टा, ऊन पडलेला. अगदी समोर. मधे दोन गल्ल्यांएवढंही अंतर नव्हतं. झेफेरिनोनं कोपरांवर उठून त्या पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पट्ट्याकडे.

"एवढंच?" त्यानं विचारलं. "तू एवढ्याच लांब होतीस?"

इडालिना पाहत राहिली. वेल वाकत होते, उठत होते.

"हो," ती म्हणाली. "तिथेच होते."